एक नाव वगळून

बांबोळीहून ऑपरेशनची तारीख आली
तर रात्रीच निघावं लागेल मला.
म्हणून रोज बोलावते तुला, इनास,
माझा जुना टॉवेल खांद्यावर टाकून.

खाजा भुंकेल. भुंकू दे.
डोळ्यांत बघू नकोस, हात वर नेऊ नकोस,
बेड्यापाशी उकिडवा बस जरा,
होडीला रंग देताना बसतोस तसा.

गोळी गुळातून नको, ओळखतो लबाड.
पेजेत चालते.
वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांचा नंबर
पडवीच्या खांबावर चुन्याने लिहिलाय,
तुझा फोन पाण्यात पडतोच वर्षातून दोनदा.

मी नसताना कुणाला आत घ्यायचं नाही
हे मीच शिकवलं त्याला,
हे गेले त्या वर्षी.
किती पटकन शिकला होता!
आता त्यातून एक नाव वगळायचं,
तर नऊ दिवस दात दाखवले त्याने तुला.

काल दहाव्या दिवशी
तुझ्या हातची पेज चाटूनपुसून
तुझ्या पायावर मान टाकली.
मी खिडकीआड उभी होते.

बरं वाटलं, इनास. खरंच.
मग दुपारभर
उगाचच मला
त्याच्याशी बोलवेना.