नऊ दारं, पाच चोर

नववी ब. पाठ अकरावा.
देह म्हणजे गाव, मी सांगते,
गावाला नऊ दारं, आत राजा झोपलेला,
आणि पाच चोर.
फळ्यावर चौकोन काढते, नऊ फटी ठेवते.
खडू ओलसर आहे, आठवी फट नीट उमटत नाही.

'चोर' म्हणताच
पस्तीस माना वळतात
शेवटच्या बाकाकडे. तिथे रजवंत पवार
कंपासपेटीचं झाकण उघडतो, मिटतो, उघडतो.
कुणी हसत नाही.
हसले असते तर मला रागावता आलं असतं.

घाईघाईने पुढे जाते: काम, क्रोध,
खरे चोर नव्हेत रे, हे रूपक आहे,
म्हणायचं एक, दाखवायचं दुसरं.

शमीना म्हणते, "आमचे नाना याले नफ्स म्हंतेत.
पन तो एकच असते."
धम्मदीपला राजाच मान्य नाही.
"आत कोनी झोपलं नाही, मॅडम. आत कोनीच नाही."
सुगंधा मडावी बराच वेळ फळा बघते, मग विचारते,
"या गावाले जंगल कुठं हाये?"
मी चौकोनाबाहेर दोन झाडं काढते.
मार्गदर्शिकेत झाडं नाहीत.

लहानपणी मी हेच ऐकलं होतं
दर्यापूरकडे, देवळाच्या ओट्यावर.
बुवा सांगायचे, आम्ही मुरमुरे खायचो
आणि सगळ्यांना सगळं कळायचं,
कारण ओट्यावर
सगळे नव्हतेच.

घटक चाचणी. प्रश्न तिसरा:
पाच चोर कोण, ते स्पष्ट करा. गुण दोन.
पस्तीस पेपरांत तेच पाच शब्द,
कुठे मद, कुठे मत्सर, एवढाच फरक.
रजवंतने शिरोरेघा पट्टीने ओढल्यात:

"चोर आतले असतेत.
सगळ्याईच्या आत असतेत.
मंग पोलिसाची गाडी
आमच्याच बेड्यावर काहून येते?"

पाठ कळलाय त्याला. मला वाटतं,
माझ्याहून जरा जास्तच.
दोनपैकी दोन लिहिते.
समासात आणखी काही लिहायला हवं,
लाल पेन टेकवते, कागदावर ठिपका पसरत जातो.

शिपाई दारात येतो. "फाटक लावू का, मॅडम?
पांढरकवड्याची गाडी जाईन तुमची."
आमच्या शाळेला एकच दार.
थांबा, म्हणते,
राहू द्या जरा उघडं.