प्रॉम्प्टर

दिवसा मी कुरखेड्याच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासतो,
मंडईच्या दिवसांत रात्री नाटकात प्रॉम्प्टिंग करतो.
दोन्हीकडे जागा कोपऱ्यातली,
दोन्हीकडे वाकड्या मानेचा एकच दिवा.

सिकलसेलची पहिली चाचणी सोपी.
नळीतल्या औषधात रक्ताचा थेंब,
मागे छापील ओळींचा कागद.
ओळी वाचता आल्या तर बरं.
गढूळ होऊन बुडाल्या, तर नाव वहीत.
मी कागदाऐवजी नाटकाचं पुस्तक धरतो,
तिसऱ्या अंकातलं ठळक छपाईचं पान.
पोरेटींच्या भावंडांच्या नळ्यांमागे
एकाच दुपारी खलनायक दोनदा नाहीसा झाला.

मोठ्या मशीननंही तेच सांगितलं, दोघांनाही पूर्ण आजार.
आईकडून अर्धा इळा, बापाकडून अर्धा.
मोतीराम एकोणीसचा. थंडी पडली
की नडगीत कोणी खुंटा ठोकतंय असा ओरडतो.
फुलवंता चोवीसची. धानाचा भारा डोक्यावर घेऊन
धुऱ्यावरून अशी चालते की खालचा बगळाही उडत नाही.
"दुखते का कुठं?"
"काई नाही जी."
मागं एकदा कावीळ, तेवढीच.

एकच इळा, मग हिला कापत का नाही?

नागपूरच्या तेलरांधे मॅडमनी
कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर काढून दाखवलं.
पोटातल्या बाळाचं रक्त निराळं, त्याला ही धार नसते.
जन्मानंतर एक प्रथिन दरडावत येतं,
"झालं तुझं काम, हो आत,"
आणि ते जुनं पात्र विंगेत जातं.
पण दरडावणाऱ्याचंही भाषण
कुठून तरी चिठ्ठीवर लिहूनच येतं,
आणि त्या चिठ्ठीला कधीकधी
एक इवलासा आरएनए चिकटतो.
मायक्रो. बावीस-एक अक्षरांचा.
त्याच्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही,
त्याला स्वतःचा संवाद नाही.
तो दुसऱ्याच्या ओळीवर बोट ठेवतो
आणि ती ओळ बोललीच जात नाही.

म्हणजे गप्प करणाऱ्याला गप्प करणारा.
"फुलवंतात तो जास्त असावा," मॅडम म्हणाल्या,
आणि फॉर्मवर लिहिलेल्या 'असावा'खाली दोनदा रेघ ओढली.
असलेच काही भलत्या चिठ्ठीवर बसले
तर गाठही वाढू देतात, हेही सांगून टाकलं.

मी घरी येताना बसमध्ये हिशेब करत होतो.
अठरा वर्षं मी नेमकं उलटं केलं.
कोणी अडला की शब्द पुरवला.

पुराड्याला पौषातली रात्र, अडीच वाजलेले,
शेणीच्या धुरात तिसरा अंक.
मोतीराम हौसेनं कोतवाल झाला होता,
नऊ ओळींचं भाषण महिनाभर घोकलेलं.
पहिली ओळ बोलला
आणि चेहरा राखेसारखा झाला, हात कमरेवर.
दुसरी ओळ माझ्या ओठांपर्यंत आली होती.
मी तिच्यावर बोट ठेवलं.
मग तिसरीवर. मग पंजाच ठेवला पानावर.
पेटीवाल्या नारनवरेला डोळ्यांनी खुणावलं,
त्यानं सूर धरला,
नायिका तिच्या वेळेच्या आधी धावत आली.
लोकांना वाटलं नाटक असंच आहे.
शिट्ट्याही पडल्या.

विंगेमागे मोतीराम ताडपत्रीवर दुमडला होता.
फुलवंता प्रेक्षकांतून पळत आलेली,
मुठीत अजून शेंगांची टरफलं,
आपली शाल त्याच्या पायांना गुंडाळत होती.
मॅडमचं सगळं तिनंही ऐकलं होतं, माझ्याहून नीट.
मान वर न करता म्हणाली,
"का जी, मायातला तो बारीक
थोडासा काढून याले देता येते का?"

मी पुस्तक चाळल्यासारखं केलं.
मग थर्मासचं झाकण उघडलं, कोमट पाणी ओतलं.
"घोट घोट पी," म्हटलं, "पण पूर्ण पी. गाडी बोलावलीय."

स्टेजवर कोणीतरी पुढचं विसरलं होतं.
पडद्याआडून मला हाका येत होत्या.