बाकी

आम्ही प्रेसची माणसं. आयुष्यभर नोटा मोजल्या,
त्यातली एकही आपली नव्हती.
सुटी झाली की गेटवर खिसे उलटे करून दाखवायचो,
अस्तर बाहेर लोंबायचं दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखं,
तेव्हा कुठे शिपाई म्हणायचा, जा.

आणि साठी उलटल्यावर हे सुचलं:
जेल रोडच्या वळणावरचं एस्तेरबाई पारध्यांचं घर
विकत घ्यायचं.

घर म्हणजे दोन खोल्या, काळ्या दगडाचं जोतं,
मागे न्हाणी आणि एक सीताफळ.
शरणपूरच्या मिशनमधून ही बाई सायकलवर आली
आणि चाळीस वर्षं इथे बाळंतपणं करत राहिली.
आमच्यातले निम्मे पहिल्यांदा रडलो ते याच छताखाली.
इतिहास म्हणाल तर एवढाच.
कचेरीतल्या साहेबाने विचारलं, इथे राजा कोण राहिला होता?
खर्जुल म्हणाले, मी. अकरा दिवस.

भाच्याला शेहेचाळीस लाख हवे होते.
बिल्डर बावन्न देत होता, वर सात मजल्यांचं चित्र,
चित्रात झाडं हिरवी आणि माणसं गोरी.
भाचा वाईट नव्हता. मार्चअखेर थांबतो म्हणाला.

मग पावतीपुस्तकं आली.
ताजनपुऱ्यांनी फंडातले काढले, बायकोला न सांगता,
आणि बायकोने बांगडी मोडली, ताजनपुऱ्यांना न सांगता.
इंदुमती आडके पाच रविवार वडे तळत बसली.
बंगलोरहून एका पोराने एक्कावन्न रुपये पाठवले
आणि विचारलं, पार्किंग आहे का.
मी खजिनदार. प्रत्येक नोट उजेडाला धरायचो, सवयीने,
शाईचा डाग, चुकलेली कड.
आमच्या सेक्शनची वाटली तर उगाच दोनदा मोजायचो.

सत्तावीस मार्च. सहा लाख कमी.

त्या रात्री माळ्यावरची ट्रंक उघडली.
कात्री, उकळून पिवळ्या पडलेल्या पट्ट्या, बायबल,
आणि निळ्या शाईतलं रजिस्टर:
वेळ, वजन पौंडात, आईचं नाव.
बापाचं नाव कुठेच नाही.
शेवटचा रकाना फीचा, आणि त्यात पानामागून पान
एकच शब्द, बाकी.
मधेच कुठे "कोंबडी मिळाली". कुठे "मेथी".
पुन्हा बाकी.

दुसऱ्या दिवशी आडके सभेत मोठ्याने वाचत गेली
आणि हजेरीला पोरं उठतात तशी
गुडघ्यांवर हात ठेवून म्हातारी माणसं उठू लागली.
खर्जुल, दीड रुपया, बाकी.
पिंजारी, जुळे, तीन रुपये, बाकी.
माझ्या आईचं नाव एका पानावर दोनदा होतं.
वरच्या ओळीत मुलगी, चार पौंड, पहाटे तीन, रडली नाही.
फीच्या रकान्यात नुसती रेघ.
आडकेने माझ्याकडे पाहिलं आणि ती ओळ वाचली नाही.
मी माझ्या ओळीला उठलो.
दोन रुपये.

व्याजावरून भांडण झालंच. ताजनपुरे चक्रवाढ म्हणत होते,
पिंजारी म्हणाले व्याज हराम, मी मुद्दलच हजारपट देतो.
तीन दिवसांत पाच लाख नव्वद हजार जमले.
उरलेले दहा भाच्याने सोडले. म्हणाला,
चोपन्न नंबरच्या पानावर मी पण आहे.

वाटलं होतं, खरेदीखताचा स्टॅम्पपेपर तरी
आपल्या नाशिकरोडचा असेल, आपल्याच माणसांच्या हातचा.
आता ई-चलन. पांढरा कागद,
झेरॉक्सवाल्याचा, अजून गरम.

दार उचलून ढकलावं लागतं. वीज नाही.
पिंजारींनी "जमा"चा शिक्का आणला होता करून,
रजिस्टरवर मारायला. मी हातात घेतला,
शाईच्या पॅडवर दाबला,
आणि ठेवून दिला.

न्हाणीचा नळ गळतोय. प्लंबर येऊन गेला,
साडेतीनशे म्हणाला, पेटीत चाळीस.
नव्या वहीची पहिली ओळ लिहिली:
नळ. साडेतीनशे.
बाकी.