पोकळ कॅथोड

रबाळ्यात, दुसऱ्या पाळीला,
ग्रॅफाइटच्या कांडीला मी भोक पाडतो –
चार मिलिमीटर, आरपार नाही.

वैजयंतीबाई निऑन भरतात, दाब बघतात. "द्या."
भोकात तांबूस उजेड बसतो.
भिंतीचेच अणू सुटून येतात त्यात,
क्षणभर वर चढतात, उतरताना उजळतात;
ज्यांचा इलेक्ट्रॉन गेला
ते माघारी भिंतीवरच आदळतात, आणखी उकरतात.

"यातला कार्बन कुठला?"
"तो डोळ्याला नाही दिसायचा, भोईरदादा."
कागदावर मात्र एक सुळका,
दोनशे सत्तेचाळीस पूर्णांक आठपाशी,
आजूबाजूला ओहोटीची सपाट खाडी.

घणसोलीत नळाखाली हात धरतो.
काळं पाणी जातं,
नखांतलं राहतंच.
लेक विचारते, आज काय केलं?

भोक, म्हणतो.