साडेएकतीस

दर पाच तारखेला पाथर्डी फाट्यावरून निघते,
स्कूटीत शंभराचं पेट्रोल टाकते
आणि एकशे एकोणनव्वद रुपये आणायला
नाशिकरोडला जाते.

सहा बिऱ्हाडं, प्रत्येकी साडेएकतीस.
आप्पांनी ठरवलं तेव्हा रास्त होतं.
पुढे कायद्याने ते जपून ठेवलं,
शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीतल्या सापासारखं.

तळमजल्याचे डॉक्टर धात्रक दातांचे.
एका रूट कॅनालमध्ये बारा वर्षांचं भाडं निघतं.
ते फोनवरून पाठवतात. टिंग.
पन्नास पैसे फक्त त्यांचेच पुरते येतात.

गायधनीकाकांनी नोटांच्या प्रेसमध्ये
चौतीस वर्षं करकरीत गड्ड्या मोजल्या.
एका महिन्याला एकतीस देतात, पुढच्याला बत्तीस,
आणि कोणत्या महिन्याला काय, ते कॅलेंडरवर
दुधाच्या खाड्याशेजारी लिहून ठेवतात.

वर खतीबभाभी ब्लाउजांना हुक लावते,
शेकडा चाळीस रुपये.
मुनाफभाईंची अंबडची कंपनी बंद पडली
त्याला दोन दिवाळ्या झाल्या.
भाडं म्हणजे एकोणऐंशी हुक.
नको म्हटलं तरी हिशेब होतो,
दिवसभर मी दुसऱ्यांच्या वह्या जुळवते.

माझं स्वतःचं भाडं साडेनऊ हजार.
अकरा महिन्यांचा करार, दर वेळी दहा टक्के.
मालक सज्जन आहे,
भिंतीला खिळा ठोकायचा नाही, एवढंच.

वकील म्हणाले, दावा लावा.
तुमची गरज त्यांच्या गरजेहून मोठी,
एवढं दाखवायचं. तराजू कोर्ट धरतं.
कुणावर लावू?
पेनाचं टोपण चावत म्हणाले:
डॉक्टर पंधरा वर्षं लढेल.
काकांचा मुलगा पुण्याहून वकील आणेल.
ती वरची बाई
पहिली तारीख पडायच्या आत सामान बांधेल.

आज तिने बत्तीस दिले.
सुई ओठांत धरूनच म्हणाली,
आठ आणे राहू द्या तुमच्याकडे, बाजी.

मी पावतीपुस्तक काढलं.
पावती नेहमी मुनाफभाईंच्या नावाने.
तरी विचारलं, तुमचं पूर्ण नाव काय?
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिने सुई काढून पदराला टोचली,
जरा सावरून बसली.
शाहीन, म्हणाली.
आणि मी चुकू नये म्हणून:
‘ही’ दुसरी.