गुणक

फहाहीलला ऑगस्टात थंड पाण्याचा नळ
गरम पाणी देतो.
टाकी गच्चीवर, गच्ची उन्हात.
म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो
आणि त्याच्या पोटात निवलेलं पाणी
अंघोळीला घेतो.
इथे बऱ्याच गोष्टी उलट्या बाजूने धराव्या लागतात.

दिवसभर मी मॉलचे चिलर सांभाळतो.
सहा अंशाचं पाणी जातं, बारा अंशाचं परत येतं,
मधले सहा अंश हा माझा पगार.
रात्री बंकच्या पायथ्याशी
उघड्या कॅबिनेटचा डेस्कटॉप.
शुक्रवारच्या बाजारात घेतलेला.
विकणारा सुदानी म्हणाला होता,
प्रोसेसर चांगला आहे, पुढचं तुझं नशीब.

नशीबच.
एकाच चकतीतून कापलेले दोन तुकडे
सारखे निघत नाहीत.
एक सत्तेचाळीस गाठतो,
दुसरा त्रेचाळीसलाच धापा टाकतो.
छाप तीच, किंमत तीच,
चालवून बघितल्याशिवाय कळत नाही.

बायोसच्या पडद्यावर गुणक छत्तीस होता.
मी चाळीस केला.
मग एक्केचाळीस. बेचाळीस.
विसरलेला पाढा म्हणावा तसा,
अडलं की एक पायरी मागे.
त्रेचाळीसला तो बसलाच.
व्होल्टेज केसभर वाढवून दिलं,
उठला, चालायला लागला.

पेस्ट लावली पानाला चुना लावतात तशी.
कमी पडला तर रंगत नाही,
जास्त झाला तर तोंड भाजतं.
कामावरून आणलेला डक्टचा तुकडा कापून
एसीची झुळूक थेट हीटसिंकवर आणली.
वरच्या बंकवरून दस्तगीर परकार म्हणाला,
"माझ्या वाट्याचा वारा त्या डब्याला पाजतोस?"
तो दापोलीकडचा. रिफायनरीत परांची बांधतो.
"आणि याने होणार काय?"
आठशे वाढतील, म्हणालो.
"पगारात?"

चव्वेचाळीस.
सगळे कोर शंभर टक्क्यांवर, आठ तासांची टेस्ट.
एकोणनव्वद. नव्वद. एक्याण्णव.
डोळे मिटले तरी आकडे दिसत होते.
तीन वाजून दहा मिनिटांनी पडदा निळा झाला.
मी कुणाला उठवलं नाही.

त्याच आठवड्यात दस्तगीर
परांचीच्या तिसऱ्या टप्प्यावर बसून राहिला.
पडला नाही. बसला.
हातातला पाना सुटून खाली गेला, कुणाला लागला नाही.
उन्हाची सुट्टी अकराला सुरू होते,
हे झालं पावणेअकराला,
म्हणून कागदावर काही झालंच नाही.
फक्त पान्याबद्दल मेमो आला.

शंभर अंशाच्या आसपास
प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो.
ते त्याच्या आतच कोरलेलं असतं.
त्याला कुणी मेमो देत नाही.

त्या रात्री मी डक्टचा तुकडा काढला,
वाकवला, दोरीने वरच्या बंकच्या गजाला बांधला.
दस्तगीर भिंतीकडे तोंड करून पडला होता,
काही बोलला नाही,
थोड्या वेळाने चादर ओढून घेतली.

मग खाली बसून
वारा नसलेल्या यंत्राचा हिशेब पुन्हा मांडला.
गुणक बेचाळीस. व्होल्टेज कमी.
अजून कमी.
इतकं कमी की चालणार नाही असं वाटावं,
आणि चालला.
अठ्ठ्याहत्तरवर, सकाळपर्यंत, एकही चूक नाही.
कशासाठी एवढं, हे मला अजून सांगता येत नाही.
मी त्यावर गेम खेळत नाही.
मुलीच्या शाळेचे फोटो बघतो,
ते छत्तीसवरही उघडतात.

पहाटे दस्तगीरने मोजे चढवत विचारलं,
"किती उरले तुझे आठशे?"
सहाशे.
"पुरे," म्हणाला,
"पण कुणाला सांगू नकोस.
कळलं तर टार्गेट वाढवतील."
खाली कंपनीची बस
दुसऱ्यांदा हॉर्न देत होती.