खाली नाव

सात बाय आठची खोली. खाली झेरॉक्सचं दुकान.
मशीन सुरू झालं की इझल थरथरतं
आणि मी दोष हाताला देते.

दीड महिना झाला परभणीत परत येऊन.
बोर्ड लावलाय, पण अक्षरं इतकी बारीक
की वाचायला आधी जिना चढून यावं लागतं.
चढतंच कुणी, तर बहुतेक
उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म मिळतो का ते विचारायला.

किशनराव कच्छवे मात्र माझ्याकडेच आले.
वसमत रोडला मोटार वाइंडिंगचं दुकान,
नखांत वार्निश, बोटांवर तांब्याच्या तारेचे काप.
खिशातून बायकोचं आधार कार्ड काढलं.
"एवढा एकच फोटो हाय. ह्याच्यात ती हासंना.
तुम्ही हासवा."

कॉलेजात मी प्लास्टरची नाकं काढली, पाय काढले.
एक सर एकदा "बरं आहे" म्हणाले होते,
ते अजून सुट्ट्या पैशांसारखं जपून वापरते.
पण गेलेल्या बाईला हसवायचं,
तेही पैसे घेऊन?

तो आकडा तर तोंडातून निघेना.
कागदावर लिहिला, खोडला, अर्धा केला,
अर्ध्यातूनही पाचशे वजा.
ते "बरं" म्हणाले. घासाघीससुद्धा नाही.
तेव्हा तर आणखीच भ्याले.

नळाला आठ दिवसांनी पाणी, तेही रात्री दोनला.
बादल्या भरता भरता आतून कुणीतरी बोलायचं,
आवाज माझाच, बोली मात्र शहरातली:
कोण गं तू? कुणी सांगितलं तुला?
डी.एड. केलं असतंस तर.
उत्तर सुचत नव्हतं, म्हणून गाल रंगवत राहिले.
पिवळ्यात जरा तांबडं. अजून जरा.

प्रयागबाईंच्या गल्लीत दोनदा जाऊन आले.
शेजारीण म्हणाली, "हासली की पदर तोंडाला लावायची.
दात पुढं होते ना तिचे."
म्हणून हसू ओठांत काढलंच नाही,
डोळ्यांच्या कडेला ठेवलं,
आणि पदर हनुवटीपाशी येता येता थांबवला.

ते आले. बराच वेळ उभेच.
"कान चुकला."

पोटात गोळा. झालं, हेच ऐकायचं राहिलं होतं.

"डाव्या कानाची पाळी फाटकी होती तिची.
थोरल्यानं झुबा वढला होता, तान्हा असताना."
आधारवर तो कान केसांखाली.
मला कळणार कुठून?
पण ते रागात नव्हते. दुकानातल्या पोराला सांगावं तसं सांगत होते,
ह्या कॉइलला एक वेढा कमी पडलाय.

ब्रश घेतला. त्यांच्यासमोरच.
दोन फटकारे, एक सावली, मध्ये बारीकशी फट.
खाली कुणाच्या तरी सातबाराच्या प्रती निघत होत्या, धडधड.
हात थरथरतोय का, ते बघायचं राहूनच गेलं.

किशनराव खुर्चीत बसले. उठले. जवळ आले.
"हां."
एवढंच. आणि किती तरी वेळानं,
"खाली नाव का नाही टाकलं?"
म्हटलं, "मी अजून... म्हणजे तेवढी मोठी नाही."
"मोठं कशाला व्हायला पायजे? आमी मोटार भरली
की बॉडीवर ऑइल पेंटनं नाव टाकतो, तारीख टाकतो.
उद्या जळाली, तर मानसानं कुनाकडं यावं?"

टाकलं. उजव्या कोपऱ्यात,
तिच्याच पदराच्या उरलेल्या जांभळ्यानं.
क. वाव्हळे.
'व्ह' मला कधीच धड येत नाही.
तिथं ब्रश अडला, अक्षर जरा फुगलं.
राहू दिलं.

त्या रात्री दोनला नळ आला, मागोमाग तो आवाजही.
कोण गं तू?
म्हटलं, थांब जरा. पाणी जाईल.